निर्लेखनाआधी एक पेनड्राइव्ह लावून बघा

आपलं जालना भंगार वितळवून सळई करणारं गाव. भंगाराची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी एक माल वेळेआधीच भंगाराच्या रांगेत उभा आहे : शाळांमधले जुने कॉम्प्युटर.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वीच्या मशीनला ते जमत नाही. मशीन चालू असतं, पण कागदावर 'कालबाह्य' असा शेरा पडतो.

दिवाळीनंतर तालुक्यातल्या एका सरांनी शाळेतले असे सहा संच दाखवले. मग रोज रात्री बातम्या पाठवून झाल्या की मी लाइव्ह लिनक्स बनवायला बसू लागलो. यात अख्खी सिस्टीम पेनड्राइव्हवर असते. मशीन त्यावरूनच सुरू होतं, आपण सांगितल्याशिवाय हार्ड डिस्कला हात लागत नाही. डेबियनमध्ये त्यासाठी 'लाइव्ह-बिल्ड' नावाचं साधन आहे. काय काय हवं त्याची यादी द्यायची, ते सगळं उतरवून, दाबून एक आयएसओ फाइल करून देतं. माझ्या यादीत हलका एक्सएफसीई डेस्कटॉप, लिब्रेऑफिस, मुलांसाठी जीकॉम्प्री, लोहित देवनागरी फॉन्ट आणि मराठी कीबोर्ड.

घरच्या लॅपटॉपवर फाइल झकास चालली. शाळेत मात्र प्रत्येक संचाची तऱ्हा वेगळी. एकावर नुसता काळा पडदा. सुरू होतानाच्या ओळीत 'नोमोडसेट' लिहिलं, तेव्हा चित्र आलं. दुसऱ्याच्या वायफायला वेगळं फर्मवेअर लागत होतं, ते घालून फाइल पुन्हा बनवली. तिसरा म्हणे लाइव्ह फाइल सिस्टीमच सापडत नाही. चेकसम तपासला तर फाइल ठीक, पेनड्राइव्हच खराब. चौथ्याचा मदरबोर्ड गेलेला, तो खरंच भंगार. बाकीचे पाच चालतात. मुलांनी लिहिलेलं बंद केल्यावर पुसलं जाऊ नये म्हणून पेनड्राइव्हवर 'पर्सिस्टन्स'चा वेगळा कप्पाही केला.

आता खरा मुद्दा. ही फाइल काही महिन्यांत शिळी होणार. सुरक्षा अपडेट घालून ती पुन्हा बनवावी लागणार. ते कोण करणार? एका पत्रकाराच्या लॅपटॉपच्या भरवशावर शाळा ठेवता येत नाहीत.

केरळात 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती सांभाळते आणि शिक्षकांना प्रशिक्षणही देते. केंद्राच्या सी-डॅकचं 'बॉस' लिनक्सही डेबियनवरच उभं आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्सचे धडे मराठीतून आहेत. सामान सगळं हाताशी आहे, त्याची जबाबदारी मात्र कुणाच्या नावावर नाही.

माझी मागणी छोटी आहे. जिल्ह्यासाठी एक फाइल, ती सांभाळणारा एक तंत्रज्ञ आणि वर्षातून दोनदा नवी आवृत्ती. तोवर तुम्ही एवढं करा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत निर्लेखनाचा विषय आला की विचारा, "हे मशीन पेनड्राइव्हवर चालवून पाहिलं का?" आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.