दहा नवांचा साचा

हातात धरावयाच्या स्कॅनरला छापील मजकूर वाचावयास शिकविणे, म्हणजे त्याने काय वाचू नये हे आधी ठरवून देणे होय. आमच्या वाचनालयातील जुन्या इंग्रजी पुस्तकांची नोंद त्याच्याकडून करवून घेताना हे मला चांगलेच पटले. २००७ पूर्वी आयएसबीएन क्रमांक दहा स्थळांचा असे. या यंत्राच्या साच्यात ‘९’ म्हणजे ‘येथे अंकच हवा’. मधल्या आडव्या रेघांची सोय केली, की दहा नवांचा साचा पुरेसा वाटावा. शून्याला ‘ओ’ समजण्याची भीतीही मग उरत नाही. परंतु शेवटचे स्थळ पडताळ्याचे. तो हिशेब अकराच्या भागाकाराचा. उत्तर दहा आले, की तेथे अंकाऐवजी ‘एक्स’ छापतात. म्हणजे सुमारे अकरांतील एक पुस्तक, छपाई निर्दोष असूनही, या साच्यापुढे मुके! यंत्र ‘चूक’ असे म्हणत नाही, नुसते गप्प बसते. आणि माणूस बिचारा काच पुसू लागतो. असा एक गठ्ठा ‘क्रमांक अवाच्य’ अशी चिठ्ठी लावून रद्दीकडे निघालाही होता. शेवटी ‘एक्स’ असलेला दुसरा साचा जोडल्यावर त्यातील पुस्तके, एकेका शिटीसरशी, कपाटात परतू लागली.