डिफरन्शिएशन

डिफरन्शिएशन म्हटलं की आपल्या हॉस्टेलात एकच गोष्ट आठवते, एम-वनचा बॅक! मलाही तेच आठवायचं. दिवाळीच्या सुट्टीत देसाईगंजला गेलो, तर मामाने बायोप्सीचा कागद हातात दिला. "तू कॉन्व्हेंटचा ना बापू, वाच. का लिवलं हाये?" 'पुअरली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.' वाचता सगळं आलं, मराठीत सांगता एक शब्द येईना. कॉन्व्हेंटची कृपा!

मामाचा खर्रा वीस वर्षांचा. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ'वाले तंबाखूविरुद्ध गावोगाव सांगताहेत. मामाने ऐकलं, आणि परत पन्नी सोडली. तोंड दोन बोटांपुरतंच उघडायला लागलं होतं तरीही. तंबाखू तर तंबाखू, नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या २००४ च्या अहवालात आहे. आपण मात्र तिला 'साधी' म्हणतो.

ओळखीच्या एका बीडीएसवाल्या ताईला फोन लावला. ती म्हणाली, गालाच्या अस्तरात तळच्या थरातल्या पेशी विभागतात, वर सरकतात, सरकता सरकता चपट्या होऊन आपलं काम शिकतात आणि शेवटी गळून पडतात. हे शिकणं म्हणजे डिफरन्शिएशन. गाठीतल्या पेशी नुसत्या वाढत राहतात, शिकणं सोडून देतात. काही गाठींत थोडी ओळख उरते, केराटिनचे मोत्यासारखे गोल दिसतात. मामाच्या गाठीत तेही जवळजवळ नव्हते. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या ब्रॉडर्सने १९२० साली ओठाच्या कॅन्सरच्या याच हिशेबाने चार ग्रेड पाडल्या. ग्रेड जितकी वर तितकं वाईट. (आपल्या उलट!) पण ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे, हे ताईने दोनदा बजावलं. गाठ केवढी, मानेपर्यंत पोचली का, ते स्टेज सांगते.

मी सांगितलं, "मामा, पेशी आपलं काम शिकल्याच नाहीत." मामा हसला, "म्हंजे माह्यावानीच. मी बी धाव्वीतच सुटलो."

मामी हसली नाही. "मंग त्याईले शिकवाचं औषद नाही का गा?"

रक्ताच्या एका कॅन्सरसाठी तसं औषध आहे, अ जीवनसत्त्वाच्या जातीचं. त्याने कच्च्या पेशी पक्क्या होतात. गालासाठी नाही. हे मामीला सांगायला मला अर्धा तास लागला.

ऑपरेशन झालं, डावा जबडा काढला. मामी आता वरण गाळून देते.

परत आलो तर पार्टनर खर्रा घोटत बसलेला. खोटं कशाला बोलू, सबमिशनच्या रात्री मीही घ्यायचो. "घे ना बे," त्याने पन्नी पुढे केली. मी रिपोर्टची झेरॉक्स त्याच्या हातात दिली.

त्याने वाचली. "डिफरन्शिएटेड म्हणजे काय बे?"