सवलतीतली गिटार आणि धावड्याची हवा

कारखान्याच्या तपासणीत मागे पडलेली गिटार आणि ग्राहकाने परत पाठवलेली गिटार ऑनलाइन दुकानांत बहुधा एकाच सवलतीच्या यादीत दिसतात, पण त्यांची जात वेगळी आहे. पहिलीला ‘फॅक्टरी सेकंड’ किंवा ‘बी स्टॉक’ म्हणतात. पॉलिशमधला बुडबुडा, कडेच्या बाइंडिंगमधली फट, लाकडावरचा न जुळणारा पट्टा अशा कारणाने ती पहिल्या प्रतीतून उतरते. दुसरी ‘ओपन बॉक्स’. तिचे खोके कोणीतरी उघडलेले असते आणि काहीतरी खटकले म्हणून ती परत गेलेली असते. सेकंडमधला दोष कारखान्याला माहीत असतो. ओपन बॉक्समधला दोष परत करणाऱ्याला माहीत असतो, आणि तो खरे कारण लिहितोच असे नाही. म्हणून दुरून घेणाऱ्यासाठी, कारण स्पष्ट लिहिलेले असेल तर, सेकंड अधिक भरवशाची.

अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीत एके काळी अशा गिटारच्या हेडस्टॉकमागे, अनुक्रमांकाजवळ, ‘सेकंड’चा ठसा मारला जाई. वाद्य कितीही हातांतून गेले तरी त्याची प्रत लपत नसे. आता बहुतेक वेळा ही नोंद फक्त विक्रीच्या पानावर असते आणि माल संपला की पानही जाते. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी त्या पानाचे छायाचित्र काढून ठेवणे ही खरेदीची पहिली पायरी आहे.

असा दुरून खरेदी करणारा धावड्यातला समजा. धावडा हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचे गाव. अशा गावात वाद्याची खरेदी म्हटली की भजनी मंडळाची पेटी किंवा पखवाज, आणि त्यासाठी जाणकार माणूस सोबत न्यायचा, वाजवून पाहायचे, मग पैसे मोजायचे, ही रीत. मिरजेत सतार किंवा तानपुरा घेणारा तर कारागिरापुढे बसून आपल्या कानाला रुचेल तशी जवारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारा झंकार, लावून घेतो. ऑनलाइन गिटारला हा टप्पाच नसतो. तिचे नीट सेट-अप करणारा माणूस गाठायचा तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे-मुंबईची वाट धरावी लागते. त्या फेरीचा खर्च सवलतीतून वजा करूनच किंमत पाहावी. नऊ हजारांची गिटार सात हजारांना मिळाली आणि नेकवरचे धातूचे फ्रेट समतल करायला ती शहरात न्यावी लागली, तर वाचलेल्या दोन हजारांतले फारसे उरत नाही.

म्हणून दोषांची विभागणी एकाच कसोटीवर करावी: तो घरी सुटतो का? ओरखडा, पॉलिशचा डाग, रंगातला फरक यांनी आवाजाला काही होत नाही. ते खुशाल घ्यावेत. ढिली ट्यूनिंग की, खराब तारा, ब्रिजवरची तारा टेकवणारी पट्टी म्हणजे सॅडल उंच असणे हेही घरी निभावते, कारण सॅडल खालून घासून कमी करता येते. नेकचे दोष मात्र कितीही सवलत असली तरी टाळावेत. पोलादी तारांच्या साध्या संचाचा एकूण ताण सुमारे ७० किलो असतो आणि तो रात्रंदिवस नेक व ब्रिज ओढत राहतो. नेक पिळलेली असेल, नेकमधली ट्रस रॉडची सळई फिरत नसेल, ब्रिज मागच्या बाजूने उचलला असेल किंवा नेकचा कोनच चुकला असेल, तर त्या दुरुस्तीची मजुरी स्वस्त गिटारच्या किमतीला भिडते.

कोन चुकल्याचे छायाचित्रातून बऱ्याच अंशी कळते. विक्रेत्याकडे ब्रिजचे बाजूने काढलेले छायाचित्र मागावे. सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम डोकावत असेल आणि तरीही बाराव्या फ्रेटवर तारा उंच असतील, तर ती गिटार सोडून द्यावी. असे छायाचित्र द्यायला नकार मिळाला तर तेच उत्तर समजावे.

खोके आल्यावर ते उघडण्यापासून सलग चित्रीकरण करावे. मग गिटार सुरात लावून बाराव्या फ्रेटपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. जाड तारेखाली साधारण अडीच आणि पातळ तारेखाली दोन मिलिमीटर हे पोलादी तारांसाठी चांगले माप. कंपासपेटीतल्या प्लास्टिकच्या पट्टीचा शून्य टोकापासून आत असतो, म्हणून स्टीलची पट्टी घ्यावी. त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून पाहावा. सगळीकडे थोडी खरखर असेल तर ट्रस रॉड पाव फेरा फिरवून ती जाऊ शकते. एकाच फ्रेटवर खरखर असेल तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे, आणि हा दोष रॉडने सुटणार नाही. शेवटी बाराव्या फ्रेटवर तार दाबून निघणारा सूर आणि तिथेच बोट नुसते टेकवून निघणारा सूर ट्यूनरवर जुळतो का पाहावे.

मराठवाड्यात याहून मोठी परीक्षा हवेची असते. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि कारखानेही त्याच्या आसपासची हवा राखतात. उन्हाळ्यात इथली दुपारची हवा याच्या कितीतरी खाली उतरते. लाकूड आडव्या अंगाने आकसते आणि फ्रेटच्या धातूची टोके बोर्डाबाहेर येऊन बोटांना टोचू लागतात. पुढची फळी खचते, कधी तडकते. पावसाळ्यात उलट होते: फळी फुगते, तारा उंच होतात. परतीची मुदत बहुधा आठवडा-दहा दिवसांची, आणि लाकूड आपले खरे रूप दाखवायला एक ऋतू घेते. भर पावसात आलेल्या सेकंडमध्ये बाहेर येऊ पाहणारी फ्रेटची टोके त्या दिवसांत जाणवत नाहीत.

म्हणून फेब्रुवारी हा खरेदीचा चांगला महिना. हवा कोरडी झालेली असते, दोष लवकर उघडे पडतात, आणि वाहतुकीच्या गाडीत सरस सैल पडेल इतके ऊन अजून नसते. हवेच्या याच चढउतारामुळे इथे सॉलिड टॉपचा, म्हणजे एकसंध लाकडाच्या पुढच्या फळीचा, मोह सोडून थरांच्या लाकडाची, म्हणजे लॅमिनेटची, गिटार घेणे शहाणपणाचे. तिचा आवाज थोडा बंद असतो, पण ती सहसा तडकत नाही. सॉलिड टॉप घेतलाच तर मार्च ते जून गिटार खोक्यात ठेवावी आणि आत भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, नीट पिळलेला स्पंज ठेवावा. पत्र्याच्या घरात भिंतीला टांगणे तर मुळीच नको.

न सांगितलेला दोष निघाला तर कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेणे नाकारता येत नाही. सवलतीच्या मालालाही हे लागू आहे. मात्र जाहिरातीत नोंदवलेला ओरखडा हे तक्रारीचे कारण ठरत नाही, आणि इथेच विक्रीच्या पानाचे ते जपून ठेवलेले छायाचित्र कामी येते. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे विक्रेता मुंबईचा असो वा बंगळुरूचा, धावड्याच्या ग्राहकाचे प्रकरण जालन्याच्या जिल्हा आयोगापुढे चालू शकते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क पडत नाही.