नेब्रास्काहून, पाइनच्या रांगेतून

लिंकन, नेब्रास्का
२२ सप्टेंबर

ती. दादा,

सुखरूप पोचलो. मुलीचं घर गावाबाहेर, चार एकरांत. चहूकडे मका आणि सोयाबीन, जमीन तव्यासारखी सपाट. हिवाळ्यात वायव्येकडून येणारा वारा अडवायला इथे डोंगर नाहीत, म्हणून घराच्या त्या अंगाला पाइनची दुहेरी रांग आहे. १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेतंच्या शेतं उडाली, तेव्हा रूझवेल्ट सरकारने नॉर्थ डाकोटापासून टेक्ससपर्यंत अशा रांगा लावल्या. १९३५ ते १९४२ या काळात सुमारे २२ कोटी झाडं! मुलीकडची रांग बरीच नंतरची, आधीच्या मालकाने लावलेली.

त्यातली काही झाडं तांबूस पडू लागली आहेत. जावईबापू औषध आणायला निघालेच होते. मी थांबवलं. डाळिंबाचं पान हातात घेतल्याशिवाय तुम्ही तरी कुठे दुकानाची पायरी चढता?

२६ सप्टेंबर

ती. दादा,

दोन दिवस रांगेतून फिरतो आहे. खोडाजवळच्या आतल्या सुया पिवळ्या पडून गळताहेत, ते पाहून मुलगी सगळ्यात जास्त घाबरली होती. तो आजारच नाही. पाइन सदाहरित खरा, पण जुन्या सुया दर शरदात टाकतोच. टोकं हिरवी असली की झोप लागायला हरकत नाही.

खरी दुखणी निराळी. ऑस्ट्रियन पाइनच्या खालच्या फांद्यांचे नवे कोंब खुरटून तपकिरी झालेत. जुनी बोंडं उलटी करून भिंगाखाली धरली, तर त्यांवर काळे ठिपके. ही डिप्लोडिया बुरशी. पाण्याच्या ताणातल्या, वयस्क झाडांना ती जास्त छळते. शेजारच्या झाडाच्या सुयांचं बूड हिरवं, टोक वाळलेलं आणि मध्ये तांबडा पट्टा. ती दुसरी बुरशी, डोथिस्ट्रोमा. दोन्हींवर इलाज आपल्या ओळखीचा: ताम्रयुक्त बुरशीनाशक, म्हणजे मोरचुदाच्याच कुळातलं. पण वेळ चुकली तर पैसे पाण्यात. डिप्लोडियाला एप्रिलमध्ये कळ्या फुगताना पहिली फवारणी आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरी; डोथिस्ट्रोमाला मेच्या मध्यावर आणि मग जूनमध्ये. आत्ता सप्टेंबरात पंप भरणं म्हणजे निव्वळ मनाचं समाधान.

काळजी आहे ती एका स्कॉट्स पाइनची. जुलैत ते हिरवं होतं म्हणतात. आज शेंड्यापासून बुडापर्यंत तपकिरी, आणि सुया मात्र फांदीला चिकटूनच. फांदी मोडली तर कोरडी, राळेचा टिपूस नाही. तिचे वीतभर तुकडे कापून विद्यापीठाच्या रोगनिदान प्रयोगशाळेत दिले आहेत.

९ ऑक्टोबर

ती. दादा,

निकाल आला: सूत्रकृमी. तुमच्या डाळिंबाच्या मुळांना गाठी आणणाऱ्यांचा हा भाऊबंद, पण राहतो खोडा-फांद्यांत, लांबी जेमतेम एक मिलिमीटर. लांब मिशांचा एक भुंगेरा मेलेल्या झाडातून बाहेर पडताना त्याला सोबत घेऊन निघतो आणि निरोगी झाडाची कोवळी साल कुरतडताना तिथे सोडतो. मग झाडाचं पाणी वर चढणं बंद होतं. गंमत म्हणजे हा कृमी मूळचा अमेरिकेचाच. इथले देशी पाइन त्याला बहुधा पुरून उरतात. मरतात ते युरोपातून आणलेले, त्यातही स्कॉट्स पाइन सगळ्यात आधी. जपानात पोचल्यावर त्याने तिथल्या पाइनची जंगलं उजाड केली.

लागण झालेल्या झाडाला औषध नाही. शेंगा पोखरणाऱ्या अळीवर आपण फवारतो ते इमामेक्टिन इथे खोडात टोचतात, पण निरोगी झाडाला, संरक्षण म्हणून, आणि ते महागही पडतं. तेव्हा वाळलेलं झाड जमिनीलगत कापायचं आणि भुंगेरे निघण्याआधी, १ मेच्या आत, जाळायचं किंवा त्याचा भुगा करायचा. मी जावईबापूंना सांगितलं, महाराष्ट्र दिन ही शेवटची तारीख. त्यांना लाकूड शेगडीसाठी रचून ठेवायचं होतं. त्यावरून जेवणात थोडी खडाजंगी झाली. रचलेल्या ढिगातूनच भुंगेरे उठतील, हे शेवटी मुलीने पटवलं.

रिकाम्या जागी पुन्हा एकाच जातीची रांग नको, वेगवेगळी झाडं लावा, असं ठरलं. उरलेल्यांच्या बुडातलं गवत काढून लाकडाच्या चिपांचं आच्छादन घालायचं काम माझ्याकडे आलं आहे. तोडणारा डिसेंबरात येणार, तोवर मी निघालेला असेन. पुढचं पत्र शिकागोहून. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
बाळू