गाडी परत मागताय का, ताई?

मेसेज आला तेव्हा मी स्टेटस मीटिंगमध्ये होते. 'प्रिय ग्राहक, आपल्या वाहनाच्या एबीएस मोड्यूलची तपासणी आणि आवश्यक ती दुरुस्ती मोफत करण्यात येत आहे. कृपया जवळच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा.' खाली गाडीचा नंबर. एमएच बारा, दोन अक्षरं आणि ते चार आकडे, जे मी झोपेतसुद्धा सांगू शकते. टेबलाखाली फोन धरून दोनदा वाचला आणि स्वाइप करून टाकला. कारण सोपं होतं. ती गाडी आता माझी नव्हतीच!

२०१९ च्या गुढीपाडव्याला घेतलेली माझी पहिली गाडी. पांढरी हॅचबॅक, स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या ईएमआयवर. त्याच महिन्यापासून देशात तयार होणाऱ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं होतं आणि शोरूममधला मुलगा ते असं सांगत होता, जणू त्यानं स्वतःच्या खिशातून घातलंय. 'म्हणजे नेमकं काय होतं?' मी विचारलं. 'मॅडम, सेफ्टी!' तो म्हणाला. मी मान डोलावली. बाबांनी नारळ फोडला, आईनं चारी चाकांखाली लिंबं ठेवली. सेफ्टीचा विषय तिथेच संपला.

२०२३ च्या दिवाळीत ती विकली. सनरूफची हौस, दुसरं काय! सातारा रोडवरच्या एका एजंटनं फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, पैसे ट्रान्सफर केले आणि गाडी घेऊन गेला. फास्टॅग काढायचा मात्र माझ्याकडून राहिला. मग दोन-तीन शनिवार-रविवार खेड-शिवापूर, आनेवाडी, परत आनेवाडी असे टोलचे मेसेज येत राहिले. बॅलन्स संपला आणि तेही थांबले. सासरी गेलेल्या मुलीची खुशाली कळावी तसं वाटलं होतं तेव्हा.

आणि आता, २०२४ च्या जूनमध्ये, हा मेसेज. मग आठवड्यानं पुन्हा. मग फोन. पलीकडची मुलगी गोड आवाजात, 'गाडी कधी आणताय मॅडम?' मी म्हटलं, विकली. 'ओके मॅडम, नोट करते.' तिनं बहुतेक नोट केलंही असेल. आठ दिवसांनी पुन्हा मेसेज... प्रिय ग्राहक!

खरं सांगते, मला फक्त वैताग आला होता. ज्याची गाडी तो बघेल. अप्रेझल तोंडावर, दोन माणसं सोडून गेलेली, त्यात ही कुठली नसती पीडा?

मग जुलैतला तो रविवार. मुंबईहून परत येत होते, एकटीच. खंडाळ्याच्या घाटात पाऊस असा की वायपर फास्टवर टाकूनही पुढचा टेम्पो फक्त दोन लाल ठिपके. आणि ते ठिपके अचानक मोठे झाले. मी ब्रेकवर उभीच राहिले. पायाखाली पेडल टरटर, टरटर करायला लागलं, कुणीतरी खालून हातोडीनं ठोकतंय असं. तरीही स्टिअरिंग वळलं, गाडी डावीकडे सरकली आणि टेम्पोच्या मागच्या फळीशेजारून पुढे जाऊन थांबली. मागून हॉर्नचा गजर. मला फक्त माझं हृदय ऐकू येत होतं.

फूड मॉलला थांबले. वडापाव समोर ठेवून नुसतीच बसले होते. आणि मग तो मेसेज आठवला. एबीएस. ते आत्ता चाललं म्हणून मी इथे बसले होते. माझ्या आधीच्या गाडीत ते कदाचित चालणार नव्हतं, आणि हे अख्ख्या जगात कंपनीला ठाऊक होतं आणि मला. जो माणूस ती गाडी चालवत होता, त्याला सोडून.

त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं, एबीएस म्हणजे काय. जोरात ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी लॉक होतं. लॉक झालेलं चाक घसरतं आणि घसरणारी पुढची चाकं स्टिअरिंगचं ऐकत नाहीत. तुम्ही उजवीकडे वळवा नाहीतर डावीकडे, गाडी नाकासमोर! प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाक थांबायला आलंय पण गाडी अजून पळतेय, असं दिसलं की एबीएस त्या चाकाचं प्रेशर क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं. सेकंदाला कित्येक वेळा. तीच ती टरटर. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशची ही सिस्टीम आली, तेव्हा ती बड्या लोकांची चैन होती. आपल्या हॅचबॅकपर्यंत यायला तिला चाळीस वर्षं लागली.

रिकॉलच्या गोष्टीही वाचत बसले. २०१० च्या फेब्रुवारीत टोयोटानं जगभरातल्या सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रिड गाड्या रिकॉल केल्या होत्या, त्यात प्रियस सगळ्यात जास्त. खड्ड्यावर किंवा निसरड्यावर एबीएस सुरू होताना ब्रेक क्षणभर 'गेल्यासारखा' वाटायचा. उपाय काय, तर नवं सॉफ्टवेअर. पण त्यातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये हे सॉफ्टवेअर जानेवारीपासूनच बदललं होतं. आधी विकलेल्या गाड्यांचे मालक फेब्रुवारीपर्यंत तशीच चालवत होते.

आपल्याकडे २०१२ पासून कंपन्या स्वतःहून रिकॉल करायला लागल्या. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं सरकारला तसा आदेश द्यायचा अधिकार मिळाला, १ एप्रिल २०२१ पासून नियमही लागू झाले. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, ऐकलं नाही तर कंपनीला एक कोटीपर्यंत दंड. सगळं झकास. पण दुसऱ्या मालकाचा फोन नंबर कुणाच्या कॉम्प्युटरवर असतो? निदान माझ्या गाडीच्या बाबतीत कुणाच्याच नव्हता.

सरकारी ॲपवर नंबर टाकला. आरसी ट्रान्सफर झालेली दिसली, नव्या मालकाचं नाव मात्र अर्धं चांदण्यांनी झाकलेलं. एजंटला फोन केला तर त्याला वाटलं, मी भांडायला आलेय. 'व्यवहार पूर्ण झालाय मॅडम, आता काही निघणार नाही.' तीन फोन लागले. चौथ्यांदा मी सरळ म्हटलं, 'दादा, त्या माणसाच्या ब्रेकचा प्रश्न आहे. माझा नंबर त्यांना द्या, एवढंच करा.' तो जरा थांबला. मग म्हणाला, 'वाईचे सर आहेत. देतो.'

रात्री फोन आला. पाचगणीच्या शाळेत शिकवणारे सर. मी भराभर सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, 'कंपनीनं या गाड्या परत मागवल्यात.' आपण वर्तमानपत्रात वाचतो ना, अगदी तसंच.

पलीकडे शांतता. मग अगदी हळू आवाजात, 'गाडी परत मागताय का, ताई? पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत हो.'

मला काही सुचेचना. 'परत मागवली' या शब्दांचा असाही अर्थ होतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं! 'नाही हो सर, गाडी तुमचीच. फक्त एक पार्ट बदलून देणार, फुकट,' असं समजावताना मला घाम फुटला. फुकट म्हटल्यावर तर त्यांना जास्तच संशय आला.

मग मी विचारलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटतो का, एबीएस लिहिलेला? 'तो होय! मार्चपासून पेटतोय. गॅरेजवाला म्हणाला, ब्रेक लागतायत ना, मग सोडून द्या. रात्री फार डोळ्यात यायचा, म्हणून मिसेसची टिकली लावलीय त्याच्यावर.'

टिकली! हसावं की रडावं? आणि गॅरेजवाला खोटं बोलत नव्हता, हीच तर गोम आहे. एबीएस बंद पडलं तरी साधा ब्रेक लागतो. सिग्नलला लागतो, बाजारात लागतो, रोज लागतो. तो लागणार नाही असा दिवस येतच नाही. येतो तो ओल्या उतारावर चाकं लॉक होण्याचा एक दिवस. आणि सर रोज सकाळी वाईहून पसरणी घाट चढत होते, संध्याकाळी उतरत होते, पेट्रोल वाटून घेणाऱ्या तीन शिक्षकांना गाडीत घेऊन. महाबळेश्वरच्या शेजारचा पाऊस.

'तुम्ही याल का साताऱ्याला?' त्यांनी विचारलं. 'ते लोक इंग्रजीत काहीतरी सांगतात, मी हो म्हणून येतो.' मराठी माध्यमातल्या माणसाचा हा संकोच मला नवा नाही. हिंजवडीतली पहिली दोन वर्षं मीही हो म्हणूनच काढली होती.

शनिवारी गेले. माझी जुनी गाडी माझ्यापेक्षा त्यांच्याकडे सुखात होती. सीटला विणलेली कव्हरं, आरशाला छोटा गणपती आणि डॅशबोर्डच्या काचेवर खरंच एक मरून टिकली. काउंटरवरच्या मुलानं चॅसिस नंबर टाकला, ते एमनं सुरू होणारं सतरा अक्षरं-आकड्यांचं लांबलचक प्रकरण, आणि म्हणाला, 'हो, ही लिस्टमध्ये आहे. पण पार्ट नाही. आल्यावर कळवू.' कुणाला कळवणार? 'सिस्टीममध्ये जो नंबर आहे त्यावर.' म्हणजे मला! मी तिथे उभं राहून सरांचा नंबर टाकायला लावला आणि जॉब कार्डावर तारीख लिहून घेतली. आवाजही थोडा चढवला. ऑफिसमध्ये क्लायंटवर चढवता येत नाही, इथे उपयोगी पडला.

पार्ट यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत सर आणि बाकीचे तिघं एसटीनं गेले. मी सुचवलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं. 'मिसेस म्हणाल्या, माहीत नव्हतं तोवर ठीक होतं.'

ऑगस्टमध्ये दुरुस्ती झाली तेव्हाही गेले. आतापर्यंत मलाच उत्सुकता लागली होती. बॉनेटखाली, कोपऱ्यात, जेवणाच्या डब्यातल्या एका पुडाएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्यात सहा पाइप येतात, दोन पेडलकडून आणि चार चाकांकडे जाणारे. मेकॅनिकनं आधी फेंडरवर जाड कापड टाकलं, कारण ब्रेक ऑइल सांडलं तर रंग खातं. जुना ठोकळा निघाला, नवा बसला. मग एकेका चाकाची एअर काढणं. एक मुलगा आत बसून पेडल दाबतोय, दुसरा चाकाजवळ निपल सैल करतोय, पारदर्शक नळीतून तेल आणि बुडबुडे. बुडबुडा आत राहिला तर पेडल स्पंजासारखं होतं. ठोकळ्याच्या आत अडकलेली हवा मात्र पायानं निघत नाही. त्यासाठी स्कॅनर जोडून आतला पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. घर्रर्र आवाज आला तेव्हा सर दचकून मागे सरकले. शेवटी नव्या युनिटमध्ये याच गाडीचा नंबर भरला. जवळजवळ अडीच तास. बिल शून्य रुपये. सरांनी ते बिल दोनदा उलटंपालटं करून पाहिलं.

मेकॅनिकनं टिकली नखानं काढली आणि किल्ली फिरवली. पिवळा दिवा पेटला, दोन-तीन सेकंदांनी विझला. 'हे रोज बघायचं सर. विझला नाही तर गडबड, आणि पेटलाच नाही तरी गडबड.'

मागच्या आवारात पाइपनं पाणी मारलेला फरशीचा पट्टा होता. सरांनी गाडी जरा पळवली आणि ब्रेक मारला. टरटर सुरू झाली आणि त्यांनी घाबरून पाय उचलला. मी शेजारी बसले होते. 'सोडू नका सर, दाबून धरा!' मी जवळजवळ ओरडले. दुसऱ्यांदा त्यांनी दाबून धरला. गाडी थरथरत सरळ थांबली. मग वळवत वळवत थांबवली. मग आणखी एकदा, कारण नसताना. 'याला मी मोडलंय म्हटलं असतं,' ते म्हणाले.

निघताना कंदी पेढ्यांचा बॉक्स हातात ठेवला आणि वर पाकिटातून तीनशे रुपये काढले. कशाचे? 'फास्टॅगचे, ताई. तुमच्या खात्यातून गेलेले. एजंट म्हणाला होता, चालवा.' खूप झटापट झाली. शेवटी पेढे घेतले, पैसे नाही.

पंधरा दिवसांनी, पुन्हा स्टेटस मीटिंग, पुन्हा टेबलाखाली फोन. 'प्रिय ग्राहक, आपल्या वाहनाच्या एबीएस मोड्यूलची दुरुस्ती अद्याप बाकी आहे...' मी तो सरांना फॉरवर्ड केला, खाली तीन हसणारे चेहरे. दोन मिनिटांत उत्तर आलं. शून्य रुपयांच्या बिलाचा फोटो, लाल पेनानं तारखेखाली रेघ मारलेला, आणि खाली एक ओळ, 'त्यांना दाखवा. नाहीतर मी येतो पुण्याला, गाडी घेऊन.'