निकाल आधीच ठाऊक असलेली निवडणूक

येत्या ३ नोव्हेंबरला अमेरिकेच्या संसदेची, म्हणजे काँग्रेसची निवडणूक आहे. आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात कनिष्ठ सभागृहाच्या नऊ जागा आहेत आणि त्या नऊच्या नऊ डेमोक्रॅटिक पक्षाकडे जातील असं इथलं शेंबडं पोरही सांगेल. १९९४ नंतर इथून रिपब्लिकन पक्षाचा एकही उमेदवार या सभागृहात निवडून गेलेला नाही. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता बत्तिशीला आली, त्यांना स्वतःची मुलं झाली.

इंदूरच्या मंडळींना हे फार समजावून सांगावं लागत नाही. १९८९ मध्ये सुमित्राताई महाजनांनी प्रकाशचंद्र सेठींना हरवलं, तेव्हापासून आपली लोकसभेची जागा भाजपकडेच आहे. त्यातल्या सलग आठ निवडणुका एकट्या ताईंनी जिंकल्या. २०२४ मध्ये तर कहर झाला. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि भाजपची वाट धरली. उरल्या लढतीत भाजपचा उमेदवार साडेअकरा लाखांहून जास्त मतांनी निवडून आला, आणि ‘नोटा’ला दोन लाख अठरा हजारांवर मतं पडली. माझा भाचा तेव्हा पहिल्यांदाच मतदान करणार होता. त्याने फोनवर विचारलं, “मावशी, तुमच्याकडेही असंच असतं ना? मग तू जातेस कशाला?”

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र तेवढं सरळ नाही, आणि या पानांचे बरेच वाचक त्याच्याच वयाचे आहेत, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते.

नऊपैकी नऊ म्हटलं की पहिली शंका येते ती मतदारसंघांच्या सीमांबद्दल. सत्ताधाऱ्यांनी आपल्या सोयीने नकाशा आखला असेल! ही शंका घ्यायला मॅसॅच्युसेट्सइतकी योग्य जागा नाही. सोयीने सीमा आखण्याच्या उद्योगाला इंग्रजीत ‘गेरीमँडर’ म्हणतात, आणि तो शब्द इथलाच. १८१२ मध्ये एल्ब्रिज गेरी हे इथले गव्हर्नर असताना एसेक्स काउंटीत असा वेडावाकडा मतदारसंघ आखला गेला, की व्यंगचित्रकाराने त्याला पंख आणि नख्या लावून सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा एक प्राणी, बनवलं. गेरी आणि सॅलमँडर मिळून गेरीमँडर. गेल्या वर्षी टेक्सस आणि कॅलिफोर्नियाने एकमेकांवर कुरघोडी करत नकाशे बदलले, तेव्हा हा शब्द रोज बातम्यांत होता.

गंमत अशी, की आमचं नऊ-शून्य त्यामुळे नाही. गणितज्ञ मून डचिन टफ्ट्स विद्यापीठात असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला होता. राज्यव्यापी निवडणुकांत इथे रिपब्लिकनांना बरेचदा तीस ते चाळीस टक्के मतं मिळतात. पण ती मतं एखाद्या कोपऱ्यात गोळा झालेली नाहीत. पोह्यांवर जीरावन भुरभुरावं तशी ती राज्यभर पसरली आहेत. त्यामुळे त्यांनी तपासलेल्या काही निवडणुकांत नकाशा कसाही आखला तरी प्रत्येक मतदारसंघात ती अल्पमतातच राहतात. लबाडी कोणाची नाही आणि तरीही राज्यातल्या तिसऱ्या हिश्श्याच्या मतदारांचा सभागृहात एकही माणूस नाही! मी कुठल्या पक्षाची हे इथे महत्त्वाचं नाही, पण हे मला खटकतं. तिकडे ओक्लाहोमात नेमकं उलटं आहे. पाचच्या पाच जागा रिपब्लिकनांच्या, आणि तिथला डेमोक्रॅट माझ्या इथल्या रिपब्लिकन शेजाऱ्यासारखाच हात चोळत बसतो.

हात चोळून चोळून लोक उभं राहायचंच सोडून देतात. २०२४ मध्ये आमच्या नऊ मतदारसंघांपैकी फक्त दोन ठिकाणी रिपब्लिकन उमेदवार होता. आणखी दोन ठिकाणी अपक्ष होते. उरलेल्या पाच ठिकाणी मतपत्रिकेवर एकच नाव. आमच्याकडे नोटाही नाही. जागा कोरी सोडा, नाहीतर खालच्या रेघेवर हाताने कोणाचं तरी नाव लिहा.

मग मी जाते कशाला? कारण आमच्याकडे खरी निवडणूक नोव्हेंबरात नसतेच, ती सप्टेंबरात होऊन गेलेली असते. तिला प्रायमरी म्हणतात. पक्षाचा उमेदवार कोण, हे दिल्लीत बसून कोणी ठरवत नाही, सामान्य मतदार मतपेटीतून ठरवतो. यंदा ती १ सप्टेंबरला आहे, गणपतीच्या बरोबर तेरा दिवस आधी. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या आठवड्यात मोदकांची ऑर्डर आणि ढोल-ताशाच्या सरावाची वेळ यांचे दीडशे मेसेज असतात. मतदानाचा एक असला तर असतो.

२०१८ सालची आमच्या तिसऱ्या मतदारसंघाची प्रायमरी मला चांगली आठवते. लॉवेल, लॉरेन्स आणि आजूबाजूची गावं मिळून हा मतदारसंघ होतो. आयटीत काम करणारी पुष्कळ मराठी घरं याच पट्ट्यात आहेत. निकी साँगस निवृत्त होत होत्या, त्यामुळे जागा मोकळी होती. डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर दहा नावं होती. मतदान ४ सप्टेंबरला, लेबर डेच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी. अर्धं गाव अजून समुद्रावरून परतायचं होतं. मतमोजणी झाली, फेरमोजणी झाली, आणि लोरी ट्रेहन १४५ मतांनी जिंकल्या. नोव्हेंबरात त्या आरामात निवडून आल्या आणि आजही आमच्या प्रतिनिधी आहेत.

एकशेपंचेचाळीस! आमच्या गणपतीच्या महाप्रसादाला याहून मोठी रांग असते.

हे एकदाच घडलं असंही नाही. २०२० मध्ये चौथ्या मतदारसंघात मतपत्रिकेवर नऊ नावं होती. जेक ऑकिनक्लॉस साधारण बावीस टक्के मतांवर आणि दोन हजारांच्या आसपासच्या फरकाने पुढे आले. म्हणजे प्रायमरीला आलेल्यांतल्याही चारातल्या तिघांहून अधिकांना दुसरं कोणी हवं होतं. त्याच वर्षी पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत आणायची का, असा प्रश्न राज्यातल्या मतदारांसमोर ठेवला होता. लोकांनी नाही म्हटलं. मला ती पद्धत हवी होती, पण असो.

एकतर्फी राज्यात नावाजलेली माणसंही पडतात ती प्रायमरीतच. २०१८ मध्ये बॉस्टन भागात मायकेल कॅपुआनो यांना आयाना प्रेस्ली यांनी हरवलं. २०२० मध्ये जो केनेडी, केनेडी घराण्यातला तरुण, सिनेटसाठी एड मार्कींसमोर उभा राहिला आणि हरला. आता मार्कींना सेथ मोल्टन यांनी आव्हान दिलं आहे. स्वतः मोल्टन २०१४ मध्ये आपल्याच पक्षाच्या खासदाराला प्रायमरीत हरवूनच काँग्रेसमध्ये गेले होते.

आमच्या लोकांचा इथे एक ठराविक गैरसमज असतो. “मी कुठल्या पार्टीत नाही, मला प्रायमरीत मत नाही.” मॅसॅच्युसेट्समध्ये निम्म्याहून जास्त मतदार कुठल्याच पक्षात नोंदलेले नाहीत, आणि अशा मतदाराला कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. टेबलापलीकडच्या आजीबाई विचारतात, कोणती देऊ? आपण सांगायचं. त्याने आपण त्या पक्षाचे होत नाही, नोंद होती तशीच राहते. पक्षात नोंद असेल तर मात्र त्याच पक्षाची पत्रिका मिळते.

भाच्याला मी हेच सांगितलं, की आमच्याकडे तिकीट वाटण्याच्या खोलीला मतदारासाठी एक दार आहे. इंदुरात ते नाही. सुमित्राताईंनंतर कोण, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंत. पण खरं सांगू का, आमचं दार सताड उघडं असून आत माणसं फार थोडी जातात. नोव्हेंबरात मत देऊन आल्याचा स्टिकर लावून फोटो टाकणारे सप्टेंबरात दिसत नाहीत.

यात आपलं नेमकं काय अडलं आहे, असं कोणी विचारेल. इंदूरच्या ज्या घरांतली मुलं इथे नोकरीला आहेत, त्यांना विचारा. नोकरीच्या आधारावर दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीयांची रांग वर्षानुवर्षं लांबते ती मुख्यतः त्यामुळे. ही मर्यादा बदलणं राष्ट्राध्यक्षांच्या नव्हे, काँग्रेसच्या हातात आहे. २०१९ मध्ये कनिष्ठ सभागृहाने ती काढण्याचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने वेगळ्या रूपात मंजूर केलं. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि सगळं बारगळलं. दोन्ही पक्षांतले लोक बाजूने होते, दोन्हींतले विरोधातही होते. म्हणजे इथे पक्षापेक्षा माणूस कोण हे महत्त्वाचं, आणि माणूस निवडला जातो प्रायमरीत.

दुसरी गोष्ट लहान आहे, पण मला ती अधिक जवळची वाटते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची फाइल एका सरकारी कार्यालयात अडकली होती. फोन केला की तेच ठरलेलं उत्तर. शेवटी ते काँग्रेस सदस्याच्या स्थानिक कार्यालयात गेले. तिथल्या मुलीने एका संमतिपत्रावर सही घेतली आणि चौकशीचं पत्र धाडलं. काही आठवड्यांत फाइल हलली. त्या कुटुंबाला मत नव्हतं, ते इथले नागरिक नव्हते. ते कार्यालय मतदारसंघात राहणाऱ्या सगळ्यांसाठी असतं. आपल्या लोकांत असे बिनमताचे पुष्कळ आहेत. आमच्यापैकी ज्यांनी नागरिकत्व घेतलं आहे, त्यांचं मत थोडंफार यांचंही असतं असं मी मानते. माझ्या नवऱ्याला हे जरा भावुक वाटतं.

आता घरातला वाद. आमची मुलगी न्यू हॅम्पशरमध्ये शिकते, इथून तासा-दीड तासावर. विद्यार्थ्यांना कॉलेजच्या गावी मतदार म्हणून नोंदणी करता येते, मात्र मत एकाच ठिकाणी. तिचं म्हणणं, तिचं मत तिकडेच कामाचं. २०१६ मध्ये तिथली सिनेटची जागा मॅगी हॅसन यांनी फक्त १,०१७ मतांनी जिंकली होती. यंदा जीन शाहीन पुन्हा उभ्या नाहीत, त्यामुळे जागा मोकळी आहे. देशभरातला पैसा आणि नेते तिथे येतील. मी तिला आमचे १४५ ऐकवले. ती म्हणाली, “आई, ते सप्टेंबरातले. सप्टेंबरला माझा रूम बदलण्याचा आठवडा असतो. आणि ज्या निवडणुकीची तुमच्या मंडळातही कोणाला खबर नसते, ती खरी निवडणूक, हे मला आधी सिस्टमचंच चुकलेलं वाटतं.”

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. टपालाने मत देता येतं, एवढं सांगितलं.

बाबा तिच्या बाजूने आहेत. जिथे वर्षाचे नऊ महिने राहतेस तिथलं भाडं, रस्ते, पोलीस तुझे, मग मतही तिथलं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पटत नाही ती तिची दुसरी गोष्ट, की इथलं मत म्हणजे वाया गेलेलं मत. तसं समजून सगळ्याच तरुणांनी चुरशीच्या राज्यांकडे मतं वळवली, तर आमच्यासारख्या राज्यांत पाचाच्या जागी नऊ मतदारसंघांत एकच नाव दिसेल.

तिने अजून ठरवलेलं नाही. न्यू हॅम्पशरमध्ये आता नव्या नोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा लागतो, त्यामुळे तिला पासपोर्ट लागेल. तो माझ्या कपाटात, वरच्या खणात, तिच्या दहावीच्या फोटोंच्या पाकिटाखाली आहे. तसं मी तिला कळवलं आहे, आणि शेजारीच इथल्या टपाली मतदानाचा अर्जही ठेवला आहे.