दहापैकी नऊ

२०२३ च्या दिवाळीनंतर भोपाळहून आत्याचा फोन आला. "कोटऱ्याचं घर आता सोडतेय. पुण्याला मुलाकडे जाणार. आतोबांच्या खोलीतलं सामान काढायचंय. भंगारवाला महिनाभर दाराशी हेलपाटे घालतोय. तू आणि वहिनी एकदा येऊन जा, मग काय ते करते."

वहिनी म्हणजे माझी आई. तिला आम्ही अव्वा म्हणतो. तिचं माहेर धारवाडचं, कन्नड. अप्पा बेळगावचे, मराठी शाळेत गणित शिकवायचे. घरात दोन भाषा असल्या तरी रहदारी एकाच बाजूने होती. लग्न होऊन आली तेव्हा अव्वाला मराठीचा गंध नव्हता. वर्षभरात ती मराठी बोलायला लागली आणि पाच वर्षांत मराठीत भांडायलाही लागली. अप्पा मात्र सासुरवाडीला गेले की हसून मान हलवायचे, एवढंच त्यांचं कन्नड. "चाळीस वर्षं मीच वाकले," असं अव्वा कधीतरी बोलून जायची. तक्रारीचा सूर नसायचा, पण आम्हा मुलांना ते टोचायचं.

अप्पा २००३ मध्ये गेले, आतोबा २०२२ मध्ये. आता त्या घराचा निरोप घ्यायचा होता. अव्वा आणि मी गोवा एक्स्प्रेसने निघालो. १९८८ च्या मे महिन्यात आम्ही सगळे भोपाळला गेलो होतो, तेव्हा बेळगावहून मीटरगेजने मिरजेला यायचं, तिथे गाडी बदलायची, असा प्रवास होता. आता बेळगावला बसलं की थेट भोपाळला उतरता येतं.

कोटरा सुल्तानाबाद ही भोपाळच्या नेहरू नगरालगतची वस्ती. आत्या तिथे इतकी वर्षं राहिली की तिच्या मराठीत हिंदी मुरलंय. "मी एक चांगला उपन्यास वाचतेय," ती म्हणाली, तेव्हा अव्वाने चमकून माझ्याकडे पाहिलं. हिंदीत उपन्यास म्हणजे कादंबरी. कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान, आणि माझ्यासारख्या कॉलेजात शिकवणाऱ्याला म्हणतात उपन्यासक. शब्द तोच, पण उंबरठा ओलांडला की अर्थ बदलतो. सीमाभागातल्या तुम्हा-आम्हाला हे नवीन नाही. त्या दिवशी मात्र यंत्रांचंही असंच असतं, हे मला कळलं.

आतोबा इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. त्यांच्याकडे १९८७ सालापासून 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' होता. इंग्लंडचा सिंक्लेअर स्पेक्ट्रम इथे परवान्याने बनवून डेसिबेल्स या कंपनीने १९८६ मध्ये बाजारात आणला, तोच हा. तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून कॅसेट वाजवून त्यात कार्यक्रम भरायचे. भरताना कानठळ्या बसवणारा किंचाळता आवाज यायचा आणि पडद्याच्या कडेने रंगीत पट्टे धावायचे. आम्ही मुलं दिवसभर त्यावर खेळायचो. रात्री आम्हाला झोपवून अप्पा आणि आतोबा तिथे बसायचे. काय करायचे ते कधी विचारलं नाही. मोठ्यांचं काहीतरी गणित असेल, असंच वाटायचं.

पुढे आतेभावाच्या हातून त्यावर चहा सांडला आणि स्पेक्ट्रम कायमचा मुका झाला. १९९२ मध्ये आतोबांचे धाकटे भाऊ इंग्लंडहून परत आले, तेव्हा त्यांनी वापरलेला 'अमिगा ५००' बरोबर आणला. तेच हे यंत्र, जे भंगारात जायचं होतं.

अमिगा म्हणजे स्पॅनिशमध्ये मैत्रीण. कमोडोर कंपनीने २३ जुलै १९८५ ला न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये पहिला अमिगा लोकांपुढे ठेवला. चित्र आणि आवाज यांसाठी स्वतंत्र चिपा असलेलं हे यंत्र त्या काळाच्या पुढचं होतं. घराघरांत पोहोचला तो १९८७ चा अमिगा ५००. पण त्याची एक खोड अशी की त्याला दुसऱ्याची सोंगं घेता यायची. दुसऱ्या जातीच्या कॉम्प्युटरचं वागणं जसंच्या तसं वठवणाऱ्या कार्यक्रमाला एम्युलेटर म्हणतात. अमिगावर असे कितीतरी होते. एक आयबीएम पीसीचं सोंग घ्यायचा, एक कमोडोर ६४ चं, तर एक ॲपलच्या मॅकिंटॉशचं.

"मग सगळी सोंगं सारखीच वठायची का?" मी आतेभावाला विचारलं. तो वडिलांचाच मुलगा, समजावून सांगायची हौस दांडगी.

"नाही ना. मॅकिंटॉश आणि अमिगा, दोघांच्या पोटात मोटोरोलाची ६८००० चिपच. म्हणजे मातृभाषा एकच, फक्त घरच्या रीतीभाती वेगळ्या. म्हणून 'ए-मॅक्स' नावाच्या जोडणीत मॅकच्या मूळ रॉम चिपा बसवल्या की अमिगा जवळपास मॅकच्याच वेगाने चालायचा. स्पेक्ट्रमची चिप मात्र झेड-८०, भाषाच वेगळी. हे बघ, २०१ हा आकडा झेड-८० ला दिला तर तो समजतो 'परत फीर'. तोच २०१ कमोडोर ६४ च्या चिपला दिला तर ती समजते 'तुलना कर'. एम्युलेटरला अशी प्रत्येक आज्ञा उचलायची, तिचा अर्थ लावायचा आणि आपल्या भाषेत ते काम करून दाखवायचं. स्पेक्ट्रमच्या एका आज्ञेसाठी अमिगाला आपल्या कितीतरी आज्ञा खर्चाव्या लागतात. म्हणून या अमिगा ५०० वर स्पेक्ट्रम चालतो, पण रखडत."

अव्वा भाजी निवडत ऐकत होती. "म्हंजे मराठीतनं कन्नडला कन्नडातनं मराठीला. पयल्या वर्षी माझंबी तसंच व्हतं बघ. कुणी काय बोललं की आधी मनात उलटं करायचं, मग उत्तर द्यायचं. तवर समोरचा माणूस निघून जायचा."

आतेभाऊ हसला, पण मान डोलावून म्हणाला, "मामी, अगदी बरोब्बर!"

यंत्र मात्र सहजासहजी उठेना. पोटाखालच्या झाकणात वाढीव मेमरीची पट्टी असते आणि तिच्यावर घड्याळासाठी छोटी बॅटरी. इतक्या वर्षांत तिने पाणी सोडलं होतं, आजूबाजूचं तांबं हिरवं पडलं होतं. आतेभावाने बॅटरी कापून काढली, व्हिनेगरच्या बोळ्याने जागा पुसली, मग स्पिरिटने धुऊन दोन दिवस वाळवली. टीव्हीला जोडायची रंगीत चित्राची डबी सापडली नाही. अमिगा ५०० च्या मागच्या साध्या खाचेतून चित्र निघतं ते कृष्णधवल. तेवढ्यावर भागवायचं ठरलं. आवाजासाठी जुना टेपरेकॉर्डर जोडला.

फ्लॉप्यांच्या डब्यात आतोबांच्या बारीक अक्षरात चिठ्ठ्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, 'बेळगावकरांचा कार्यक्रम. पुसू नये.' तिला रबरबँडने एक कॅसेट बांधलेली. आत्याला आठवलं, स्पेक्ट्रम गेल्यावर आतोबांनी अमिगाला आवाज टिपणारी छोटी डबी लावून जुन्या कॅसेट एकेक करून फ्लॉपीवर उतरवल्या होत्या. पीटर मॅकगॅव्हिन यांचा 'स्पेक्ट्रम' नावाचा एम्युलेटर ते वापरत. अमिगाची फ्लॉपी साध्या पीसीच्या ड्राइव्हला वाचताच येत नाही, तिची मांडणीच निराळी. हे यंत्र भंगारात गेलं असतं, तर त्या फ्लॉप्या आमच्यासाठी नुसत्या चकत्याच राहिल्या असत्या.

आधी कॅसेट लावली. खरखर झाली आणि मग चक्क अप्पांचा आवाज आला. "बारा मे, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. तिसरा प्रयत्न." जरा थांबून, हळूच, चोरून बोलल्यासारखं, "मूरनेदु." आणि लगेच ती किंचाळी सुरू झाली.

मूरनेदु म्हणजे तिसरा. अव्वाच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. वीस वर्षांनी नवऱ्याचा आवाज ऐकला, आणि तोही कन्नडमध्ये.

मग आतेभावाने फ्लॉपी घातली. ड्राइव्ह कुरकुरला. एम्युलेटर सुरू झाला, आणि बऱ्याच वेळाने पडद्यावर इंग्रजी लिपीत मराठी शब्द उमटला, 'पाणी'. खाली तीन पर्याय, आणि ते कन्नड लिपीत! वेडीवाकडी, चौकटीचौकटींची, पण कन्नडच. अव्वाने वाचलं, "मने, नीरु, मर. दोन नंबर दाब." दाबलं. रखडत रखडत उत्तर आलं, बरोबर.

स्पेक्ट्रममध्ये कन्नड लिपी कुठली आली? आतेभावाने त्याचंही उत्तर दिलं. त्या यंत्रात वापरणाऱ्याला स्वतःची एकवीस अक्षरं घडवता येतात. प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट घरं. चौकटीच्या वहीत घरं काळी करायची, मग एकेका ओळीचा आकडा काढून यंत्राला द्यायचा. गणिताच्या मास्तराला सोपं काम. पण कन्नडची गोलाई चौसष्ट घरांत बसवायला किती रात्री गेल्या असतील!

घरात त्यांनी हे का दाखवलं नाही, याचा मी नंतर खूप विचार केला. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. बेळगावात भाषा हा जपून बोलायचा विषय होता. मराठी शाळेतल्या मास्तराने बायकोकडून कन्नडचे धडे घेतले, तर गल्लीत चर्चा झाली असती. आणि बायकोपुढे चुकायचं, याचाही संकोच असणार. भोपाळात दोन्हीची काळजी नव्हती. तिथे सगळे हिंदी बोलत होते.

ऊट, बेल्ल, दारि, मगु, एकेक शब्द पुढे सरकत होता. मग आलं 'दूध'. अव्वा थबकली. "ह्यात दूधच नाही."

"तीन नंबर बघा ना, मामी."

"ते हालु नव्हं, हाळु. हाळु म्हंजे नासलेलं, वाया गेलेलं. तुझ्या मामानं दूध नासवलं बघ!" तिने एक नंबर दाबला. चूक. दहापैकी नऊ. धारवाडच्या माणसाला कन्नडमध्ये नऊ! खाली एक ओळ आली, आजवरचा उच्चांक आठ. स्पेक्ट्रमवर कार्यक्रम जपून ठेवला की त्यातले आकडेही बरोबर राहतात. तो आठ अप्पांचा होता.

आतेभावाने कार्यक्रम थांबवून आतली यादी काढली. एकवीसच्या एकवीस जागा भरलेल्या होत्या. 'ळु' हे अक्षर होतं, 'लु' नव्हतं. "मामी, जागाच उरली नव्हती. एक अक्षर काढलं तर 'लु' घालता येईल. ळु काढू का?"

"ळु आणखी कशाला वापरलंय?" अव्वाने विचारलं.

त्याने शोधलं. "मगळु."

मगळु म्हणजे मुलगी. अव्वाने एकदा माझ्याकडे पाहिलं. "नको. राहू दे. परत लाव."

दुसऱ्या फेरीत दूध आलं तेव्हा तिने तीन नंबर दाबला. "त्यांच्या कन्नडात दूध असंच लिहितात," ती म्हणाली. दहापैकी दहा.

'मीच वाकले' हे अव्वाचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तिने चाळीस वर्षं दुसऱ्याची भाषा पूर्ण वेगाने चालवली आणि त्यासाठी तिला कुणी शाबासकी दिली नाही. अप्पांचं कन्नड दहा शब्दांचं, रखडत चालणारं, आणि त्यातही दूध नासलेलं. दोन्हींची बरोबरी होत नाही. पण ते तिला हसत हसत मान हलवून टाळत होते, असं जे आम्ही समजत आलो, ते चूक होतं. एवढी दुरुस्ती तरी करायला हवी.

कमोडोर कंपनी १९९४ च्या एप्रिलमध्ये बुडाली. आज साध्या लॅपटॉपवर अख्ख्या अमिगाचा एम्युलेटर चालतो. आतेभावाने केबल लावून फ्लॉपी उतरवून दिली, त्यामुळे आमच्या घरी आता लॅपटॉपच्या पोटात अमिगा आणि अमिगाच्या पोटात स्पेक्ट्रम आहे. खरा अमिगा आत्याने भंगारवाल्याला दिला नाही. तो चादरीत गुंडाळून पुण्याला गेला.

माझ्या मुलाने परवा लॅपटॉपवरचा वेग वाढवून बघितला. उत्तर दाबायच्या आत पुढचा प्रश्न येऊ लागला. अव्वा ओरडली, "निधान, निधान!" कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मुलाने तिच्याकडे पाहिलं आणि वेग पुन्हा कमी केला. हा शब्द अप्पांच्या दहांत नव्हता. त्याला तो आता कायमचा पाठ झालाय.